इंजिन कोणत्या टोकाला?

पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडच्या स्थानकात येऊन थांबली, की पूर्वी तेथे एक ठरलेला विधी चाले, आणि झेलम एक्स्प्रेसने ज्याने कधी उत्तरेकडचा प्रवास केला असेल त्याच्या तो स्मरणात असेल. पुढचे इंजिन सुटे होई, शेजारच्या रुळावरून संथपणे मागे जाई, आणि आतापर्यंत ज्याला आपण गाडीचे शेपूट समजत होतो त्या टोकाला येऊन हलकासा धक्का देत जुळे; मग सिग्नल पडे, आणि गाडी आल्या वाटेनेच थोडीशी परतून नगरच्या दिशेला वळे. पुण्यात हमरीतुमरीवर येऊन ज्याने गाडीच्या तोंडाकडे तोंड असलेली खिडकीची जागा मिळवलेली असे तो गृहस्थ, जागचा तसूभर न हलता, आता प्रवासाकडे पाठ करून बसलेला असे. आणि ज्याने निमूटपणे उलटी जागा पत्करली होती, त्याच्या तोंडावर वारा येऊ लागे. धर्मातले सनातनी कोण आणि सुधारक कोण, असा वाद कानांवर आला की मला दौंडचा हा प्रसंग आठवतो. कारण या दोन शब्दांचा अर्थ माणूस कोठे बसला आहे यावरून ठरत नसून, इंजिन कोणत्या टोकाला लागले आहे यावरूनच पुष्कळदा ठरतो.

हे मला प्रथम उमगले ते पोथ्यांतून नव्हे, तर रेल्वेच्या चाळीतल्या एका शेजाऱ्यामुळे. ते गार्डाच्या नोकरीत होते, घरात आमच्याइतकेच मराठी बोलत, त्यांच्या घरातल्या बायका नऊवारी नेसत. मात्र शुक्रवारी सूर्य मावळण्यापूर्वी त्यांच्याकडे दिवा लागे आणि शनिवारी, कामाची पाळी नसेल तर, चूल पेटत नसे. आम्ही त्यांना ‘इस्राएल काका’ म्हणत असू. नवस फेडायचा असला की त्यांच्याकडे मलिदा होई: भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलदोड्याची पूड, त्यावर मांडलेली फळे आणि एक गुलाबाचे फूल असे ते मोठे ताट मध्ये ठेवून मंडळी एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे एलिया प्रेषिताचे, स्तवन इब्रीत म्हणत, आणि नंतर त्यातला वाटा झाकलेल्या वाटीतून आमच्या घरी येई. ताटातले पोहे आणि नारळ कोकणचे, ओठांवरचे शब्द यरुशलेमचे, आणि नवस मात्र तुमच्या-माझ्या आजीने बोलावा तसा. यातले शुद्ध किती आणि भेसळ किती, असा प्रश्न त्या वयात आम्हांला पडला नाही. तो मोठ्या, विद्वान आणि अधिकारी माणसांना पडला.

बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचे तारू अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले, त्यांतून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि पोथ्यापुराणे समुद्राने गिळल्यावर जे उरले ते केवळ स्मृतीच्या आधाराने उरले. तेल गाळण्याचा धंदा करणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही मंडळी म्हणून कोकणात त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव पडले. सुंता, शनिवारचा विसावा, खवले-पर असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि ‘शमा’ या प्रार्थनेची सुरुवात, एवढी शिदोरी त्यांनी शतकानुशतके जपली. सणांची इब्री नावे विसरली गेली, परंतु सण राहिले आणि त्यांना मराठी नावे आली: नव्याचा सण, खिरीचा सण, दार फळणीचा सण, आणि यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाच्या शोकाचा तो बिरड्याचा रोजा, जो वालाच्या बिरड्याने सुटे. प्रार्थनेला ते नमाज म्हणत, सभास्थानाला मशीद म्हणत, आणि जमातीचा कारभार मुकादम, चौगुला आणि काजी पाहत. म्हणजे धर्म यहुद्यांचा, रीत कोकणची आणि परिभाषा दफ्तरातली. या शब्दांना हसणाऱ्याने आपल्या देवस्थानांच्या सनदा एकदा उघडून पाहाव्यात.

या समाजाच्या गाडीचे इंजिन पहिल्यांदा बदलले ते बाहेरून आलेल्या ज्ञानामुळे. दावीद रहाबी नावाच्या ज्ञात्याने कोकणातल्या या लोकांना ओळखले, त्यांच्यातल्या काहींना धर्मविधी शिकवले आणि त्यांच्याकडे काजीपण आले, असे परंपरा मानते. पुढे १७९६ साली कंपनी सरकारच्या फौजेतले अंमलदार सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत पहिले सभास्थान बांधले, जे ‘जुनी मशीद’ या नावाने ओळखले गेले आणि ज्यावरून मशीद बंदर या स्थानकाला नाव पडले असे सांगतात. मग कोचीनचे यहुदी शिक्षक आले. आणि १८३२ साली जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने इब्री भाषेचे व्याकरण मराठीत लिहून छापले. मिशनऱ्याचा हेतू उघड होता, परंतु फळ वेगळेच आले: व्याकरण शिकलेला बेने इस्राएल ख्रिस्ताकडे न जाता आपल्याच तोरेच्या, म्हणजे मूळ धर्मग्रंथाच्या, अधिक जवळ गेला.

आता या घटनेला काय म्हणावे? जुन्या गावकऱ्याच्या दृष्टीने ही सुधारणा होती, कारण पूर्वजांनी न पाळलेले नवे विधी, हनुक्कासारखे न ऐकलेले सण आणि न कळणारी इब्री पदे घरात येत होती; नव्या शिक्षकाच्या दृष्टीने मात्र हीच खरी सनातनता होती, कारण हे सारे ग्रंथात होते आणि कोकणची रीत ग्रंथात नव्हती. याचा सर्वांत मार्मिक दाखला विधवाविवाहाचा आहे. शेजारच्या हिंदूंप्रमाणे बेने इस्राएलांतही विधवेचे पुन्हा लग्न न करण्याची रूढी पडली होती, आणि तोरेत तिला आधार नव्हता; तेव्हा जो ग्रंथाकडे परतला, तोच विधवेला मोकळीक देऊ लागला. ज्या काळी पुण्यात १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्यावरून वाड्यावाड्यांतून खडाजंगी होत होती आणि शास्त्राधार शोधता शोधता पंडितांची दमछाक होत होती, त्या काळी शेजारच्या एका लहानशा समाजात सनातनाकडे जाणे आणि सुधारणेकडे जाणे ही एकच वाट ठरत होती.

ज्ञान आले म्हणून माती सुटली, असेही झाले नाही. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचे ‘हग्गादा’ हे पुस्तक इब्री मूळ आणि मराठी भाषांतर यांसह छापले गेले. त्यातल्या चित्रांत बेखमीर भाकरी तयार करण्याचा विधी दाखविला आहे, आणि त्या भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसून, मराठी घरात बसतात तशा, भुईवर बसलेल्या आहेत. मिसर देशातून सुटकेची कथा सांगणाऱ्या ग्रंथात चित्रकाराला पुण्याच्या माजघरातल्या बायका काढाव्याशा वाटल्या, आणि यजमानांना त्यात काही वावगे वाटले नाही, ही गोष्ट मला धर्मसुधारणेवरच्या पुष्कळशा व्याख्यानांहून बोलकी वाटते. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांच्यासारख्यांनी आब्राहाम-योसेफांची चरित्रे मराठी कीर्तनात आणली. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी आणि ओवी यांच्या चालीवर तोरेतली आख्याने रंगू लागली. अशा कीर्तनाला ज्याने ‘परधर्मीयांचे अनुकरण’ म्हणून नाक मुरडले असते, त्याला मी एवढेच विचारीन, की कीर्तन ऐकून घरी गेलेल्या बाईला आब्राहामाचे नाव त्या दिवशी अधिक कळले की कमी?

दुसऱ्यांदा इंजिन बदलले ते आप्तांच्याच हातून. बगदादेकडून आलेले श्रीमंत यहुदी व्यापारी मुंबईस स्थिरावले, आणि प्रारंभीचा भाईचारा ओसरल्यावर त्यांच्यातल्या काहींना कोकणातल्या या सावळ्या, मराठीभाषी बांधवांविषयी शंका येऊ लागली. १८३६ साली दफनभूमीत दोहोंच्या मध्ये भिंत घालावी, अशी मागणी सरकारदरबारी गेली. मेलेल्यांच्या मध्ये भिंत घालू पाहणारी शुद्धता ही जिवंतांना जवळ करील, अशी आशा कोणी धरू नये. पुण्यात याची खूण आजही दिसते: लष्कर भागातले ‘लाल देऊळ’, म्हणजे या बगदादी व्यापाऱ्यांतल्याच दावीद ससून यांनी आरंभिलेले आणि १८६७ साली पुरे झालेले ओहेल दावीद, आपल्या उंच मनोऱ्यासह उभे आहे, आणि रास्ता पेठेत १९२१ साली बेने इस्राएलांनी आपल्या ऐपतीप्रमाणे बांधलेले सुक्कथ शेलोमो आहे. ससूनांनी या शहरावर केलेले उपकार रुग्णालयाच्या रूपाने पुणेकर रोज पाहतात, आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु एकाच देवाच्या एकाच ग्रंथाचे वाचन करणाऱ्यांना एका शहरात दोन छपरे का लागली, या प्रश्नाचे उत्तर केवळ अंतराने मिळत नाही. रंगूनमध्ये तर हा वाद कोर्टात गेला, आणि तेथील सभास्थानाच्या कारभारात बेने इस्राएलांना हक्क आहे, असा निवाडा १९३५ साली हायकोर्टाने दिला. धर्मबांधवांनी जे मान्य केले नाही ते परधर्मीय न्यायाधीशाने मान्य करावे, यात धर्माची शोभा किती, हे वाचकांनी ठरवावे.

युरोपात एकोणिसाव्या शतकातच निराळे इंजिन सुरू झाले होते. १८१८ साली हांबुर्ग येथे उभारलेल्या नव्या मंदिरात जर्मन भाषेत प्रार्थना आणि प्रवचने होऊ लागली, ऑर्गन वाजू लागला. त्यावर प्रेसबुर्गच्या मोझेस सोफेर यांनी नवे ते सारे निषिद्ध, अशी भूमिका घेतली. ज्याला आपण कर्मठ किंवा ऑर्थोडॉक्स पंथ म्हणतो त्याला पंथ म्हणून नाव आणि संघटना आली ती या सुधारणेला, म्हणजे रिफॉर्म पंथाला, उत्तर म्हणून. त्याआधी माणसे केवळ यहुदी होती. म्हणजे सनातनीपणा हाही एका अर्थी सुधारणेच्या पाठीस पाठ लावून जन्मलेला भाऊ आहे, वय मात्र तो अनादी काळाचे सांगतो. या दोहोंच्या मध्ये, इतिहासाचा मान राखून हळूहळू बदलू पाहणारा कॉन्झर्व्हेटिव्ह पंथ अमेरिकेत वाढला, आणि एकाच समाजाच्या तीन पेढ्या झाल्या.

सुधारणेची ही लाट मराठी भूमीवर आली ती एका मराठी स्त्रीच्या हातून. डॉक्टर जेरुशा झिराड यांचा जन्म १८९० चा; पुण्याच्या हुजूरपागेत शिकून, वैद्यकीची पदवी घेऊन, त्या लंडनला गेल्या, १९१९ साली तेथून एम. डी. होऊन परतल्या, आणि पुढे मुंबईच्या कामा रुग्णालयाचा कारभार त्यांनी वर्षानुवर्षे सांभाळला. लंडनमध्ये लिली माँटेग्यू आणि क्लॉड माँटेफिओरे यांच्या उदारमतवादी चळवळीशी त्यांचा परिचय झाला होता, आणि तिच्या प्रेरणेने त्यांनी १९२५ साली मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन स्थापन केली, जेथे स्त्रिया सज्जात न बसता पुरुषांबरोबर बसत आणि प्रार्थना कळेल अशा भाषेत होत. शेकडो बाळंतपणे ज्या हातांनी केली त्या हातांना प्रार्थनेच्या वेळी सज्जाचा कठडाच का धरावा लागतो, हा प्रश्न त्या बाईंना पडला असल्यास तो ग्रंथाचा अवमान नव्हता. तरीही मला एक उणीव नोंदविली पाहिजे: ‘कळेल अशी भाषा’ म्हणून येथे इंग्रजीला मोठे स्थान मिळाले, आणि ही चळवळ बव्हंशी शिकलेल्या घरांपुरती राहिली. लुगडे नेसून भुईवर बसलेली १८७४ च्या चित्रातली बाई हांबुर्गच्या मंदिरापासून जितकी दूर होती, जवळजवळ तितकीच या नव्या सभागृहापासूनही दूर राहिली.

आणि मग तिसरा बदल आला, तो सर्वांत कडू. इस्राएल देश झाल्यावर हजारो कुटुंबे तिकडे गेली. आमचे इस्राएल काकाही जाण्याच्या विचारात होते, इतक्यात पुढे गेलेल्या नात्यातल्यांचे पत्र आले, की मुलीचे लग्न नोंदवायला गेले असता तिकडच्या एका कचेरीत आजीच्या आजीपर्यंतचा दाखला मागतात. काका ते पत्र घेऊन आमच्याकडे आले, माझ्या वडिलांपुढे धरले आणि म्हणाले, “मास्तर, आमच्या पणजीने शनिवारी घाणा थांबवला, त्याची पावती आता कुठून आणू?” वडील त्यावर काही बोलले नाहीत. त्या वेळी मला पावतीचा तो संदर्भ कळला नव्हता. पुढे वाचनात आले, की १९६१ साली तिकडचे मुख्य रब्बी, म्हणजे धर्मगुरू, यित्झाक निस्सीम यांच्या रब्बी मंडळाने बेने इस्राएलांशी विवाहास हरकत नाही असे एका हाताने म्हटले, आणि १९६२ च्या हुकमान्वये विवाह नोंदणाऱ्यांनी त्यांच्या मातृकुळाची शक्य तितकी मागपर्यंत चौकशी करावी, असे दुसऱ्या हाताने लिहिले. चौकशी या शब्दाला आमच्या महसुली दफ्तरात जो वास येतो, तोच तेथेही आला असावा. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्राएल यरुशलेमात धरणे धरून बसले, आणि ऑगस्टमध्ये, लेव्ही एश्कोल पंतप्रधान असताना, क्नेसेटला, म्हणजे तिथल्या संसदेला, खास बैठक घेऊन हे लोक सर्वार्थाने यहुदी आहेत, असे जाहीर करावे लागले. त्यानंतर रब्बी मंडळाने आपल्या हुकमातून या समाजाचे नाव काढले.

कर्मठांची बाजू निराधार होती, असे मी म्हणणार नाही. देश नसताना, राजा नसताना, केवळ विवाह, आहार आणि शनिवार यांच्या काटेकोर नियमांवर जो समाज दोन हजार वर्षे टिकला, त्याला नियम सैल होण्याची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. पुन्हा, घटस्फोटाचा धार्मिक लेख आणि निपुत्रिक विधवेच्या दिराविषयीचा विधी या गोष्टी कोकणात शास्त्रोक्त झाल्या नसतील, तर पुढच्या संततीच्या विवाहाला बाध येतो, ही त्यांची शंका ग्रंथदृष्ट्या पोकळ नव्हती. घाणा ज्यांनी थांबवला तेही आपल्या परीने कर्मठच होते, आणि त्यांच्या कर्मठपणावाचून सुधारायला काही उरलेच नसते. माझा आक्षेप नियमावर नाही, पुराव्याच्या बोजावर आहे. कोर्टात ज्याचा कब्जा आणि वहिवाट पिढ्यानपिढ्यांची, त्याला उठवू पाहणाऱ्यावर पुरावा देण्याची जबाबदारी पडते; धर्माच्या कचेरीत मात्र वहिवाटदारालाच आरोपी करून उभे केले जाते, आणि जो आपल्या पोथीची प्रत सांभाळू शकला त्याचे भाग्य हेच त्याचे पुण्य ठरते.

हेच माप सुधारकालाही लागू करावे लागेल. मलिदा हे खूळ आहे, नवस हे अज्ञान आहे, मराठी कीर्तन ही भेसळ आहे, असे ज्याला वाटते त्यानेही आधी सांगावे, की त्यापासून कोणाचे काय बिघडले. सज्जात बसवलेल्या स्त्रीचे काहीतरी बिघडत होते, लग्न न होऊ शकणाऱ्या विधवेचे निश्चित बिघडत होते. पोह्यांच्या ताटाने कोणाचे बिघडत होते? आमच्या शिरूरला, घोडनदीच्या काठी, कर्नल वॉलेस या १८०९ साली वारलेल्या इंग्रज अंमलदाराचे थडगे आहे, आणि आसपासचे शेतकरी त्याला सत्पुरुष मानून सुगीत त्याच्यापुढे नैवेद्य ठेवीत, असे एकोणिसाव्या शतकातले जिल्हा गॅझेटियर सांगते. इंग्रजाच्या धर्मात थडग्याला नैवेद्य बसत नव्हता आणि शेतकऱ्याच्या शास्त्रात इंग्रज बसत नव्हता. तरीही दोन्ही शास्त्रांना न विचारता त्या शेतकऱ्याने आपल्या ताटातला घास काढून ठेवला. असल्या गोष्टी पुसून टाकण्याचा उत्साह ज्या सुधारकाला येतो त्याने आणि ज्या शास्त्र्याला येतो त्याने, दोघांनीही, आपला हात जरा आखडता घ्यावा.

हा वाद मिटलेला नाही. १ मार्च २०२१ रोजी इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने रिफॉर्म आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पंथांनी त्या देशात करविलेले धर्मांतर नागरिकत्वासाठी ग्राह्य धरावे, असा निकाल दिला. तथापि विवाहाची सूत्रे अजून रब्बी मंडळाच्याच हातात आहेत. इकडे महाराष्ट्र सरकारने २०१६ साली यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तोवर बहुतेक घरांना कुलुपे लागली होती आणि दार फळणीच्या सणाला प्रार्थनेपुरते दहा पुरुष जमविणेही अनेक गावी अवघड झाले होते. तिकडे गेलेल्यांनी मात्र मराठीतून ‘मायबोली’ हे नियतकालिक काढले, आणि ज्या मलिद्याकडे एके काळी भुवया उंचावून पाहिले गेले, तो आता तेथल्या लग्नघरांत ‘आमचा’ म्हणून अभिमानाने मांडला जातो. इंजिन पुन्हा एकदा टोक बदलून आले आहे.

दौंडला आता नवी कॉर्ड लाईन झाली आहे. पुणे-मनमाड मार्गाच्या पुष्कळ गाड्या जुन्या स्थानकात न शिरता बाहेरच्या बाहेर वळतात, इंजिन सुटत नाही, वेळ वाचतो, आणि त्याबद्दल तक्रार करण्याइतका मी अजून म्हातारा झालेलो नाही. एवढेच, की पुण्यात जागेसाठी भांडलेला माणूस आता नगरपर्यंत आपण पुढेच तोंड करून बसलो आहोत याच खात्रीत जातो, आणि उलट्या जागेवरल्या म्हाताऱ्याला मधल्या वाटेत कोठेही वारा लागत नाही.